वाळूत बसलेली टिटवी

संतरामनं खुंटीवर दगडाचा तिसरा घाव घातला आणि चौथ्यासाठी हात उचलला, तेव्हा प्रतिक्षानं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"आबा, इथं नको."

"काहून?"

"नकोच. वर माळावर लावू वाघूर."

म्हातारा हसला. सत्तरीचा, पण मनगट अजून बाभळीच्या फांदीसारखं. बारा वर्षांच्या नातीला ते खाली ओढता येईना आणि सोडवत पण नव्हतं. त्याच्या खांद्यावर वाघूर होती, मेंढरांभोवती उभी करायची दोरखंडाची जाळी. मागं कयाधू नदीच्या कोरड्या पात्रात साठ-पासष्ट मेंढरं माना खाली घालून उभी होती. पात्रात पाणी म्हणायला दोन डबकी. कोकरं एकोणीस, त्यातली चार कालपरवाची, पायांवर नीट उभीही न राहणारी.

"माळावर काय ठिवलंय?" संतराम म्हणाला. "चारी अंगानं चर खणून ठिवलेत. कोकरू पडलं त तंगडी मोडंल. शेजारच्या तातेरावचं रान पेरणीला तयार हाय, तिथं आता कोण बसू देतंय? इथं वाळू हाय, मऊ हाय, गरम हाय." मग त्यानं हनुवटीनं पलीकडं दाखवलं. "आन् ती बघ की. ती बसली हाय न्हवं वाळूत? तिच्यापरीस शहाणं कोण हाय?"

तीस-चाळीस पावलांवर वाळूत टिटवी बसली होती. तपकिरी पाठ, काळी मान, डोळ्यांपुढं लाल झालर. मान ताठ करून ती या दोघांकडं बघत होती.

प्रतिक्षानं आजोबाचं मनगट सोडलं.  त्या टिटवीला वाळूत आणून बसवलं होतं ते तिनंच.

या भागात पावसाचं काही विचारायचं तर जुनी माणसं टिटवीला विचारतात. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर चार खडे सारून अंडी घालते. ती उंचावर घातली तर पाणी फार. सपाटीला घातली तर बेताचं. नदीच्या पोटात घातली तर पिल्लं पळायला लागेपर्यंत नदी यायची नाही, खुशाल बसा. टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलं तर तोलून धरता यावं म्हणून, असंही हीच माणसं सांगतात आणि हसतात. पण अंड्यांच्या बाबतीत कोणी हसत नाही. मोबाइलवर रोज अंदाज येतो, तो वाचून झाला की आसपासच्या चार गावांतून संतरामला फोन येतात, "टिटवी कुठं बसली औंदा?" म्हाताऱ्याचा तेवढाच एक मान होता आणि तो त्यानं जपला होता.

प्रतिक्षाला टिटवीचं वेड लागलं ते मात्र दुसऱ्या वाटेनं. सुट्टी लागायच्या दिवशी शाळेतल्या शिवहार सरांनी तिला पक्ष्यांवरचं एक पुस्तक दिलं आणि एक कोरी वही. म्हणाले, एकच पक्षी धर आणि सुट्टीभर बघ, बाकी काही करू नको. मे महिन्यात घरापाठीमागच्या माळाच्या कडेला तिला चार अंडी सापडली. मातकट, काळे ठिपके, खड्यांत मिसळलेली. ती वही लिहायला लागली. नर आणि मादी आळीपाळीनं बसतात. दुपारी ऊन वाढलं की टिटवी डबक्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते, अंडी उन्हानं शिजू नयेत म्हणून. हे वाक्य तिनं तीन वेळा लिहिलं होतं, कारण ते तिनं पुस्तकात वाचायच्या आधी डोळ्यांनी बघितलं होतं.

मग माळावर पाणी अडवायचे चर खणायला यंत्र आलं. माणसांनी चुन्याच्या फक्कीनं रेघ मारली आणि ती रेघ अंड्यांवरून गेली. प्रतिक्षा यंत्रवाल्याच्या पाया पडली. तो म्हणाला, "पोरी, मी रेघंवरचा माणूस, रेघ कशी सोडू?" रात्रभर ती तळमळली. पुस्तकात एक गोष्ट होती. जमिनीवर बसणारा पक्षी अंडी ओळखत नाही, जागा ओळखतो. अंडी लांब नेली तर तो त्यांच्याकडं बघणारही नाही. पण हात-दोन हातच सरकवली, तो परत बसेपर्यंत थांबलं, मग आणखी दोन हात, तर पक्षी अंड्यांमागं येतो.

तिनं तेच केलं. दिवसातून तीन वेळा, दर वेळी दोन हात. रेघेतून निघाली तर पुढं मातीचा ढीग पडणार होता. ढिगापासून लांब नेली तर पुढं गुरांची वाट. वाटेच्या पलीकडं उतार, उताराच्या खाली वाळू. नऊ दिवस लागले. वाळूत शेवटचा खळगा केला आणि टिटवी येऊन त्यात बसली तेव्हा प्रतिक्षा एकटीच वेड्यासारखी नाचली होती. आबाला दाखवायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं.

आबा तेव्हा मेंढरं घेऊन पुसेगावकडं होता, तिथल्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायला. आज सकाळी आला. आल्या आल्या घोंगडीही न टाकता टिटवी बघून आला आणि तोंडभर हसत म्हणाला, "नदीच्या पोटात बसली हाय! म्हंजी अजून पंधरा-वीस दिस निवांत." प्रतिक्षाला सांगायला तोंड उघडायच्या आत त्यानं दोघा-तिघांना फोनही करून टाकले. त्याला इतकं खुशीत बघून तिची जीभ रेटेना. सांगू सांगू करत दुपार झाली.

आणि दुपारी तिच्या बापाचा फोन आला. बालाजी उरलेली मेंढरं घेऊन रिसोडकडं होता, म्हणजे नदी जिकडून येते तिकडं. फोन दिपालीनं, प्रतिक्षाच्या आईनं, घेतला.

"मामंजी, तिकडं पहाटपासून कोसळून राहिलाय म्हणतेत. वढे भरून चाललेत."

"कोसळू दे," संतराम म्हणाला. "पहिलं पाणी वाळू पिती. इथवर यायला आठ दिस लागतेत त्याला. आन् येणार असतं त ती बसली असती का तिथं?"

दिपालीनं पदर सावरला आणि गप्प बसली. सासऱ्यासमोर तिनं आजवर एकदाच तोंड उघडलं होतं, पोरीला शाळेत ठेवायच्या वेळी, आणि ते तिला अजून ऐकावं लागत होतं.

आता खुंट्या ठोकायला सुरुवात झाली होती. डोक्यावर ऊन लख्ख होतं. पण वायव्येला, रिसोडच्या अंगाला, आभाळाची खालची कड काळीभोर झाली होती.

"आबा," प्रतिक्षा म्हणाली, "ती अंडी मी आणली."

"कोणती?"

"टिटवीची. ती वर माळावर व्हती. मी खाली आणली, थोडी थोडी. नऊ दिवस."

संतरामनं दगड खाली ठेवला. आधी तो हसला, लेकराचा खेळ म्हणून. मग तिचं तोंड बघून हसू थांबलं.

"टिटवी काय कोंबडी हाय का, टोपलीखाली झाकली की बसली?"

"खरं सांगून राहिले. यंत्राखाली गेली असती म्हणून आणली. वहीत लिवलंय सगळं, तारीख घालून."

"लिवलं असशील." म्हातारा आता बसला, उकिडवा. आवाज त्यानं मुद्दाम सावकाश केला. "तू अंडी ठिवली असशील. पर बसली ती तिच्या मनानं. तिला पाणी दिसत असतं त बसली नसती. मुकं जनावर हाय, पर आपल्यापरीस त्याला जास्त कळतं."

"तिला पाणी दिसत न्हाई, आबा. तिला निसती जागा कळती. मी जिथं नेली तिथं ती—"

"गप!"

तो इतक्या जोरानं ओरडला की मेंढरांनी माना वर केल्या. प्रतिक्षा दोन पावलं मागं सरकली. आबा दगडफेक्या पोरांवर ओरडे, कुत्र्यांवर ओरडे, पण तिच्यावर कधी ओरडला नव्हता.  एवढं रागवायला आपण काय बोललो, ते तिला कळेना.

दिपाली कोकरू काखेत घेऊन धावत आली. "काय झालं?"

"तुझ्या पोरीला शाळेनं शिंगं फुटलीत. म्हणती, टिटवी हिच्या सांगण्यानं बसती."

प्रतिक्षानं आईला सगळं सांगितलं, हुंदके देत, मागचं पुढं करत. दिपालीनं ऐकलं. तिनं वायव्येकडं बघितलं, मग सासऱ्याकडं.

"मामंजी, पोरगी खोटं बोलत न्हाई."

"म्या कुठं म्हणतो खोटं बोलती? येडं बोलती." त्यानं दगड उचलला आणि खुंटी ठोकायला घेतली. ठक. ठक. "साठ वर्सं झाली मला टिटवी बघायला. साठ!"

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण हट्टी शहाण्यापुढं शब्द काय करणार? प्रतिक्षाला रडू आवरेना. मेंढरं होती, कोकरं होती, आई होती, आणि हे सगळं आपण दोन हात-दोन हात करून या वाळूत ओढून आणलं, असं तिला वाटायला लागलं. तिनं नाक पुसलं.

"आबा, तुमच्या समोर करून दावते. तिला आता पुन्हा सरकवते. ती न्हाई बसली त लावा वाघूर, मी एक शब्द बोलणार न्हाई."

म्हाताऱ्याचा हात थांबला. टिटवी या पोरीला खोटं पाडील, याची त्याला खात्री होती. निदान त्याला ती खात्री हवी होती.

"चल," तो म्हणाला.

ती जवळ गेली तशी टिटवी उठली आणि ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली. झपकन खाली यायची, केसांना वारा लागेल इतकी, आणि परत वर. प्रतिक्षानं वाळूत टाचेनं खळगा केला, जुन्या जागेपासून दोन हातांवर. अंडी उचलली. पहिली तीन नुसती उबदार होती. चौथ्याच्या जाड टोकाला बारीक चीर पडलेली होती आणि ते तिनं कानाशी नेलं तर आत कोणीतरी चिवचिवत होतं.  पिल्लाचा आवाज ऐकायला ती महिनाभर थांबली होती आणि तो नेमका आज ऐकू यावा! तिनं अंडी टोकं आत करून खळग्यात मांडली आणि पळत वेड्या बाभळीच्या आडोशाला आली. तिघं तिथं खाली बसली.

टिटवी लांब उतरली. थोडी पळाली, थांबली, खोटंच काहीतरी टिपल्यासारखं केलं. परत पळाली. जुन्या खळग्यापाशी आली आणि उभी राहिली.

"न्हाई बसत," संतराम पुटपुटला. "बघ. न्हाई बसत."

टिटवीनं मान तिरकी केली. दोन पावलं टाकली. अंड्यांवर उभी राहून तिनं पोटाची पिसं फुलवली, गुडघे मोडले, अंग इकडून तिकडं हलवलं आणि बसली.

 दिपालीच्या काखेतलं कोकरू बें बें करत होतं.

"आणिक एकदा," संतराम म्हणाला.  "या बारी म्या सांगतो तिथं. तो काळा दगड दिसतो न्हवं, त्याच्या अंगाला."

प्रतिक्षा गेली. काळ्या दगडाच्या बाजूला दोन हातांवर खळगा केला. टिटवीनं पुन्हा आभाळ डोक्यावर घेतलं, पुन्हा खाली उतरली, पुन्हा पळाली, थांबली. या वेळी तिनं पहिल्यापेक्षा कमी वेळ घेतला. म्हाताऱ्यानं सांगितलेल्या जागी ती गुमान जाऊन बसली.

शाळेत याला प्रयोग म्हणतात आणि जमला की टाळ्या वाजवतात. प्रतिक्षानं आजोबाकडं बघितलं आणि टाळी वाजवायचं तिला सुचलंच नाही. तो टिटवीकडं बघत नव्हताच. वाळूकडं बघत होता, तोंड अर्धवट उघडं टाकून, घरात कोणी गेल्यावर माणसं बसतात तसा. मग तो गुडघ्यावर हात रेटून उठला, खुंटीपाशी गेला आणि दोन्ही हातांनी ती उपसून काढली.

"दिपाले, कोकरं उचल. मेंढरं म्या हाकतो."

माळावर जायचं म्हणजे उतार चढायचा आणि मग दोन चर ओलांडायचे. मेंढरं चराच्या काठाशी येऊन अडली. पुढं चालणाऱ्या शेळीला संतरामनं शिंगं धरून पलीकडं ओढलं, तेव्हा एकेक करून बाकीच्यांनी उड्या टाकल्या. दोन मेंढ्या चरात पडल्या, त्यांना वर काढण्यात वेळ गेला. दिपाली आणि प्रतिक्षा कोकरं वाहत होत्या, एका खेपेला दोघींची मिळून चार. खाली, वर, खाली, वर.  प्रत्येक खेपेला वाळूत उतरली की ती टिटवीकडं बघे. टिटवी बसलेली असे. अंडी उताराच्या अंगानं दोन-दोन हात सरकवत न्यायची तर नऊ दिवस लागणार. ओढणीत घालून एकदम वर न्यायची तर टिटवी त्यांच्याकडं ढुंकूनही बघणार नाही आणि आतलं पिल्लू गार पडून मरेल. तिनं सगळ्या बाजूंनी विचार केला. पुस्तकात याच्यावर काही नव्हतं.

शेवटची तीन कोकरं राहिली होती. एक आईनं घेतलं आणि ती पुढं गेली. दोन प्रतिक्षानं उचलली, एकेक काखेत, आणि त्याच वेळी तिला आवाज आला. सुपात ज्वारी पाखडावी तसा, आधी बारीक, मग सुपामागून सूप. वळणावरून नदी येत होती. ऊन तसंच लख्ख होतं. पाणी फार उंच नव्हतं, मांडीएवढं असेल, पण पुढं फेस, काटक्या, कडबा आणि कुणाची तरी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन ते माणसानं पळावं तसं येत होतं.

टिटवी पस्तीस पावलांवर होती. ती उठली नव्हती.

प्रतिक्षा एक क्षण तशीच उभी राहिली. कोकरं खाली ठेवली तर हात मोकळे होतील. काखेतल्या कोकराचं काळीज तिच्या बरगडीला लागत होतं.

"प्रतिक्षे! वर ये! वर ये गं!" दिपाली माळाच्या कडेवरून किंचाळत होती. संतराम उतारावरून खाली धावत येत होता, घसरत, हात पसरून.

प्रतिक्षा वळली आणि चढायला लागली. मागं बघायचं नाही, असं स्वतःला बजावत ती चढली. अर्ध्या उतारावर आबानं तिला कोकरांसकट कवेत घेतलं आणि वर ओढलं. दोघं माळावर पोचली आणि मग तिनं मागं बघितलं. वाळू नव्हती. काळा दगड नव्हता. तांबडं पाणी या काठापासून त्या काठापर्यंत चाललं होतं आणि त्याच्यावर दोन टिटव्या, नर आणि मादी, ओरडत फिरत होत्या.

ऊन कलायला अजून अवकाश होता. दिपालीनं चारही कोवळ्या कोकरांना त्यांच्या त्यांच्या आयांना लावलं आणि बालाजीला फोन लावायला गेली. मेंढरं दोन चरांमधल्या तुकड्यावर दाटीनं उभी होती. एकही गेलं नव्हतं. प्रतिक्षा मातीच्या ढिगाला टेकून बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडली. संतराम शेजारी येऊन बसला.

"मीच आणली व्हती त्यांला तिथं," ती म्हणाली. "एकातून आवाज येत व्हता, आबा."

म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

"घालंल ती परत," तो म्हणाला. "एक डाव गेली की घालती टिटवी परत. म्या बघितलंय."

टिटव्यांचं ओरडणं थांबत नव्हतं. संतराम पाण्याकडं बघत राहिला.

"माझा बाप याच नदीत गेला. ठावं हाय न्हवं तुला?"

"व्हय. आईनं सांगितलंय."

"बाप आन् धाकटा भाऊ. भाऊ तीन वर्साचा व्हता. बापानं वाळूत वाघूर लावली व्हती. म्या आईसंगं गावात गेलतो, म्हणून वाचलो." तो थांबला. "टिटवी बघूनच बसला व्हता बाप. वाळूत बसली हाय म्हणून."

प्रतिक्षानं डोकं वर केलं.

"त्या साली अंडी आधी वर टेकाडावर व्हती," संतराम म्हणाला.

"तुमाला कसं ठावं?"

"म्या सात वर्साचा व्हतो. मला पिल्लं बघायची व्हती. टेकाडावर कुत्री फिरायची, खातील म्हणून वाटलं. म्या अंडी उचलली आन् खाली वाळूत आणून ठिवली, पालाजवळ. बाप मारंल म्हणून कोणाला सांगितलं न्हाई, परतून बघाया बी गेलो न्हाई. दुसऱ्या दिशी बाप हसत आला, म्हणला, टिटवी खाली उतरली." त्याचा आवाज चिरकला. "आईला बी सांगितलं न्हाई. ती मरस्तोर न्हाई. जल्मभर मनाला सांगत आलो, म्या ठिवली असतील, पर बसली ती तिच्या मनानं. आन् आज तू..."

 तो रडत होता. सत्तर वर्षांचा माणूस असा रडताना प्रतिक्षानं बघितला नव्हता आणि तिला त्याची भीती वाटली. मघाशी तो का ओरडला ते तिला आता कळलं. एका दुपारी तिनं त्याची मेंढरं वाचवली होती आणि तेवढ्याच वेळात, टिटवीला दोनदा बसवून दाखवून, त्याच्याकडं होतं नव्हतं ते सगळं काढून घेतलं होतं.  ती अंगठ्यानं मातीत रेघा ओढत राहिली. मग तिचा अंगठा थांबला.

"आबा, अंडी एका दमात नेली का थोडी थोडी?"

"काय?"

"टेकाडावरून वाळूत. एकाच खेपंला नेली का रोज थोडी?"

"एकाच खेपंला. टोपीत घालून."

"किती लांब असंल?"

"किती..." म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि नदीच्या वरच्या अंगाला बघितलं. "असंल दोन-अडीचशे पावलं. ते तिकडलं टेकाड."

"मंग ती बसलीच न्हाई," प्रतिक्षा म्हणाली.

संतराम तिच्याकडं बघायला लागला.

"एवढ्या लांब नेली की तिला ती तिची वाटतच न्हाईत. ती जुन्या जागेवरच फिरत राहती. अंडी तशीच गार पडतेत. म्हणून त मला नऊ दिवस लागले, आबा. एका दमात जमलं असतं त मी कशाला नऊ दिवस घातले असते? तुमी नेलेल्या अंड्यावर कोणतीच टिटवी बसली न्हाई. पणजोबाला दिसली ती दुसरी. तिची तिची अंडी घालून आधीपासून बसलेली."

पुस्तकात या ठिकाणी 'बहुतेक' असा एक शब्द होता. तो तिनं गाळला.

 म्हाताऱ्यानं बोटांनी जमिनीवर अंतर मोजल्यासारखं केलं, दोन हात, आणि मग लांबच्या टेकाडाकडं बघितलं. कितीतरी वेळ तो तिकडं बघत होता. त्याचे ओठ हलत होते.

"दुसरी," तो म्हणाला.

"व्हय, दुसरी."

तो तिच्याकडं सरकून बसला, वर्गात मागच्या बाकावरचं पोर पुढं येऊन बसतं तसा, आणि त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"पुन्यांदा सांग," तो म्हणाला. "पैल्यापासून सांग. हळू."

प्रतिक्षानं ओढणीनं डोळे पुसले आणि सांगायला लागली.